खालचा थर

फळीचा शेवटचा तुकडा निघाला तेव्हा कुजलेल्या प्लायचा वास सुटला. दीपमालाने तो दोन्ही हातांनी उचलून बाहेर टाकला. पडताच तो भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा पसरला.

कारध्याच्या नदीघाटापासून थोडं वर, बाभळीच्या सावलीत, फायबरची जुनी बोट दोन ओंडक्यांवर ठेवलेली होती. सासरा आणि सून सकाळपासून तिच्यात राबत होते. बाकांखालची फळी मधोमध दबायला लागली होती. पाय ठेवला की खाली जायचा. सोमवारी तपासणीला माणूस येणार होता. फळी पक्की असेल, तरच दीपमालाला लोकांना नदीत फिरवून आणायचा परवाना मिळणार होता.

बोट तिच्या नवऱ्याची. भादव्यात संघपालचा ताप मेंदूत गेला आणि पाच दिवसांत संघपाल वारला. तेव्हापासून बोट तशीच पडून होती.

तिच्या सासऱ्यांनी, आनंदरावांनी, सव्वीस वर्षं नागपुरात फायबरच्या टाक्या बनवल्या होत्या. त्या कामाने छाती गेली, म्हणून पोराने तरी रेझिनला, फायबरच्या त्या चिकट रसायनाला, हात लावू नये असं त्यांना वाटायचं. संघपालने ही बोट आणून स्वतःच दुरुस्तीला घेतली, तेव्हा ते एकदाही इकडे फिरकले नव्हते. आज मात्र न बोलावता आले. पिशवीत रेझिन पसरवायचा जुना रोलर घेऊन आले.

दीपमाला उघडा पडलेला तळ फडक्याने पुसत होती. पुसता पुसता थांबली.

"मामाजी, हे काय होय?"

तळाला मागे कधीतरी चीर गेली होती. संघपालने तिच्यावर फायबरचा एक थर चढवलेला होता. त्या थरात वाटीएवढा खळगा होता, आणि खळग्यात कापडाचे उभे-आडवे धागे स्पष्ट उमटलेले होते.

आनंदराव वाकले. त्यांनी नखाने खळग्याची कड चाचपली.

"गुडघा होय," ते म्हणाले. "ओल्यात टेकला त्यानं."

दीपमाला त्या खुणेकडे पाहत राहिली.

"त्या दिवशी पँट चिकटली होती त्यायची. निघतच नव्हती. कैचीनं कापून काढली मी." थोड्या वेळाने म्हणाली, "लग्नातली होती. लय बोलली मी त्यायले. न जेवताच उठले."

आनंदराव बोटीच्या काठावर बसले.

"रेझिन तासाभरात कडक व्हाले पायजे. हे दोन दिवस ओलंच राहिलं असन. हार्डनर कमी पडलं."

"त्यायले माहीत नसन."

"माहीत नव्हतं म्हणून तं आला होता मायाकडे." आनंदराव नदीकडे पाहत बोलत होते. "किलोले किती टाकू, बाबा, एवढंच इचारलं. मी म्हटलं, तुयं तू पाह्य. अन् पेपर वाचत बसलो." ते थांबले. "उभा होता थो बराच वेळ."

पुलावरून एक एसटी गेली. दीपमालाने फडकं पिळलं आणि पुन्हा तेच पिळलं.

मग आनंदरावांनी नाकाला दुपट्टा बांधला. शेजारच्या नत्थूच्या घरून ओढून आणलेल्या वायरला ग्राइंडर जोडला. चालू केला, खळग्यापर्यंत नेला आणि बंद केला. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद केला.

"काहून थांबले, मामाजी?"

"हे घासा लागते. जुनं घासल्याबिगर नवं धरत नाही."

"एवढं सोडून बाकीचं घासलं तं?"

सव्वीस वर्षांत अशा प्रश्नावर आनंदरावांना कधी विचार करावा लागला नव्हता.

"तेथून पाणी शिरन," शेवटी ते म्हणाले. "आज नाही, दोन पावसाळ्यानं शिरन. अन् तवा बोटीत तू राहशीन, बाई."

दीपमाला गुडघ्यांवर बसली. तिने खळग्यात तळहात ठेवला. एका कडेला कापडाची शिवण उमटली होती, ती अंगठ्याने वरपासून खालपर्यंत चाचपली. मग हात काढला आणि पुढे केला.

"द्या इकडे."

"तुले जमणार नाही," आनंदराव सवयीने बोलून गेले. संघपाललाही ते हेच म्हणायचे; त्या शब्दांनी त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी नाकावरचा दुपट्टा सोडला, तिच्या नाकाला नीट बांधून दिला आणि ग्राइंडर तिच्या हातात दिला.

"दोन्ही हातानं धर. दाबू नको. हलकं हलकं जाऊ दे."

ग्राइंडर घरघरला. पांढरी धूळ उडाली. आधी धागे गेले, मग शिवण गेली. खळग्याच्या कडा झिजायला वेळ लागला. आनंदराव तिच्याशेजारी उकिडवे बसून सांगत होते, मशीनच्या आवाजापेक्षा मोठ्याने, जणू कोणी लांब उभं असावं. "किलोले पंधरा मिली टाकाचं. ऊन लय असलं तं दहा. आयकू येते काय? पंधरा मिली. बरोबर मोजून." तिने मान हलवली. तरी ते सांगतच राहिले, आवाज चिरकेपर्यंत.

ग्राइंडर थांबला तेव्हा तळ एकसारखा खरबरीत झाला होता. कुठे काय होतं ते कळत नव्हतं.

दीपमालाचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. केसांत, भुवयांवरही त्या घासलेल्या खुणेची धूळ.

"जा, नदीवर हात धुवून ये," आनंदराव म्हणाले. "ही धूळ काचेची रायते. रात्रभर खाजवत बसशीन."

ती घाट उतरली. शेवटच्या पायरीवर बसली. पाणी तिच्या पावलांपाशी येऊन लागत होतं. दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून ती तशीच बसून राहिली, आणि आनंदरावांनी वरून दोनदा हाक मारली तरी तिने हात पाण्यात घातले नाहीत.