पाहुणे बंद, खेळ चालू

माझ्या तक्रारीवरून नगरपालिकेनं शेजारचं पर्यटकांना भाड्यानं द्यायचं घर ऑक्टोबरात सील केलं. पण ते झालंच नाही असं म्हणायला हवं, कारण तिथला गोंगाट एक दिवसही थांबला नाही.

रोज दुपारी तीनला कुंपणापलीकडे मक्याचे दाणे भरलेल्या पिशव्या फळीवर आपटतात. धप्प. नेम धरून टाकलेली एखादी फळीतल्या भोकात गेली की जल्लोष. मी डोकावून पाहिलं. अंगणात गुडघाभर बर्फ, त्यावर मांजराचंही पाऊल नाही.

पुन्हा तक्रार करणार होतो. पण आई गेल्यापासून खुर्चीतून न उठलेले डॅड उठले, कुंपणाशी गेले आणि ओरडले, "अरे, मनगट वळवा! मिशिगनची इज्जत घालवाल!"

"मग तुम्हीच टाकून दाखवा की, डेल्बर्ट!" पलीकडून कुणीतरी म्हणालं, आणि एक पिशवी कुंपणावरून आली.

डॅडनी ती परत फेकली. जल्लोष. त्या संध्याकाळी ते दोनदा मागून जेवले. "कोरी, तू इतका कधी वाळलास रे?" म्हणाले. मी आभार म्हणून कुंपणावर केळ्याचा केक ठेवला. ताटली धुऊन परत आली.

आज पलीकडून हाक आली, "डेल्बर्ट, एक गडी कमी पडतोय. इकडेच या राहायला." डॅड बूट घालतायत.

तरी परवाना विभागास नम्र विनंती: शेजाऱ्यांचे आमच्यावर उपकारच आहेत. मात्र त्या घराची मर्यादा आठ पाहुण्यांची असून, मी मोजलेले आवाज आठ भरतात. नववा पाहुणा घेण्यास त्यांना लेखी मनाई करावी, आणि ती डॅडच्या दुसऱ्या बुटाची नाडी बांधून होण्यापूर्वी बजावावी.