एकाच ताऱ्याचं लोह

साखरपुड्याआधी पत्रिकेबरोबर तारागोत्रही पाहायची आता रीत पडली होती. रक्तातलं लोह कुठल्या ताऱ्याच्या स्फोटातून आलं, ते लॅबवाले लिहून देत. निनाद आणि शर्वाणीचे रिपोर्ट वाचून निनादच्या आईने, कुमुदताईंनी, पेढ्यांचा बॉक्स बंद केला.

"दोघांचा तारा एकच. म्हणजे सगोत्र! हे लग्न होणार नाही."

निनादने मान खाली घातली. शर्वाणी मात्र शांत होती.

"काकू, माझ्या आईबाबांच्या रिपोर्टात हा तारा नावालाही नाही. किती तारे फुटले, त्यांच्या राखेतून नवे तारे झाले, तेही फुटले, तेव्हा कुठे पृथ्वीच्या वाट्याला लोह आलं. ते वारशाने येत नाही, जेवणातून येतं."

"मग तुमचंच कसं जुळलं?"

"माझी लोखंडी कढई त्या ताऱ्याची आहे, मी तपासून घेतलं. पिठलं, पालेभाजी, सगळं तिच्यातच होतं."

"ते तुझं झालं. हा तर मेसमध्ये जेवतो!"

निनादची मान आणखी खाली गेली. कुमुदताईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि बॉक्स पुन्हा उघडला.

"मुहूर्त जरा लवकरचाच काढू," त्या म्हणाल्या.