वहिनींची धावपळ

पडद्यावरची बाई आज पळतच नव्हती.

संगीतकाराने कानामागचं पेन काढलं, पुन्हा कानामागे खोचलं आणि म्हणाला, "झालं कल्याण!"

शंभर वर्षांपूर्वीचा मूकपट. त्याला नवं संगीत द्यायचं आणि उद्या संध्याकाळी भरल्या थिएटरात पडद्याशेजारी बसून ते वाजवायचं, असं ठरलेलं. चार महिने त्याने जी प्रत बघून चाली बांधल्या, ती चुकीच्या वेगाने उतरवलेली निघाली. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत, सावकाश. तीच फिल्म आजच्या वेगाने लावली की माणसं तुरुतुरु धावायला लागतात. संग्रहालयाने आज सकाळी खरी प्रत पाठवली, सोबत दिलगिरी. दिलगिरीला काही चाल लावता येत नाही.

बाकीचे प्रसंग त्याने सकाळपासून ओढूनताणून बसवले होते. कुठे ओळ दोनदा घेतली, कुठे नुसता ड्रम ठेवला. घोडं पेंड खात होतं ते या एका जागी. बाई बादली भरून आणते, चूल फुंकते, पाळण्याला झोका देते, खाटेवरच्या म्हाताऱ्याला पाणी पाजते, कपडे वाळत घालते आणि पायरीवर बसते. जुन्या प्रतीत हे सगळं इतकं भरभर व्हायचं की हसू यायचं. म्हणून त्याने उड्या मारणारी चाल दिली होती आणि बाई पायरीवर टेकताच झांजेचा दणका. थिएटर हमखास हसणार, अशी जागा.

चाल सुचली होती घरातच. एका सकाळी तो चहाचा कप घेऊन बसलेला. बायको स्वयंपाकघर, न्हाणीघर, गॅलरी, सासूबाईंची खोली अशा फेऱ्या मारत होती, आणि तिच्या चपलांच्या आवाजावर याने चमच्याने टेबलावर ठेका धरला. वादकांना त्याने हे रंगवून सांगितलं होतं. तेव्हापासून त्या तुकड्याचं नावच पडलं, वहिनींची धावपळ. तेव्हा तीही हसली होती. व्हायोलिन तीच वाजवायची.

आत्ता तालमीच्या खोलीत ती व्हायोलिन मांडीवर घेऊन बसली होती, एक डोळा भिंतीवरच्या घड्याळाकडे. सहाला सासूबाईंचं औषध असायचं.

"जुनंच वाजवू की," ड्रमवाला म्हणाला. "लोकांना काय कळतंय?"

वाजवून पाहिलं. चाल संपली तेव्हा बाई अजून म्हाताऱ्याला पाणीच पाजत होती, आणि झांजेचा दणका बसला तो त्या बिचाऱ्याच्या घोटावर.

"नवीन लिहावं लागणार," संगीतकार म्हणाला. पण त्याच्यात त्राण उरलं नव्हतं. डोळे चुरचुरत होते आणि डोक्यात एक सूर येईल तर शपथ. असं काम आयुष्यात पहिल्यांदा हाती आलेलं, आणि उद्या सगळ्यांसमोर नेमका हाच प्रसंग त्याचं हसं करणार होता.

"तू लिहीत बसलास तर रात्र होईल," बायको म्हणाली. "मला सहाला घरी पोचायचंय. हेच हळू वाजवते. ती चालतेय तसं."

"अगं, ती हसवायची चाल आहे."

"लाव तर खरं."

त्याने फिल्म मागे नेऊन पुन्हा लावली. ती समोरचा कागद न बघता वाजवू लागली, नजर पडद्यावर. सूर तेच, पण बाईचं पाऊल पडल्याशिवाय ती पुढचा सूर घेत नव्हती. उड्या मारणारी चाल पाय ओढत निघाली. ड्रमवाला ठेका धरणार होता, त्याने काड्या खाली ठेवल्या.

बादली जड होती. चार महिने रोज बघत असून संगीतकाराला ते आज दिसलं. म्हाताऱ्याला पाणी पाजताना बाई तोंड फिरवून जांभई देत होती, तेही आजच दिसलं. मग त्याची नजर पडद्यावरून बायकोकडे गेली. तिच्या पायांत घरातल्याच चपला होत्या; बदलायला वेळ झाला नसावा. त्याला लाज वाटली. टेबलाशी कप घेऊन बसलेला तो माणूस त्याला समोर दिसला आणि उठून त्याच्या हातातला चमचा काढून घ्यावासा वाटला.

बाई पायरीवर बसली. जुन्या प्रतीत हे बसणं पापणी लवेपर्यंत संपायचं. आज ती बसली आणि बसूनच राहिली. व्हायोलिनचा शेवटचा सूर लांबत गेला. ड्रमवाल्याचा हात सवयीने झांजेकडे गेला आणि त्याने दोन बोटांनी तिची कड धरून ठेवली, चुकून वाजू नये म्हणून.

"जमलं," तो हळूच म्हणाला. "उद्या कोणी हसत नाही, वहिनी."

तिने घड्याळाकडे पाहिलं. व्हायोलिन पेटीत ठेवलं, झाकण लावलं आणि उठायला लागली.

"तू बस जरा," संगीतकार म्हणाला. "आईला औषध मी देतो आज." म्हणाला आणि खरोखरच दारापर्यंत गेला.

"कुठलं द्यायचं, माहीत आहे?"

ती रागावलेली नव्हती. रागवायलाही अंगात जीव लागतो.

तो कडीवर हात ठेवून उभा राहिला.

फिल्म कोणी थांबवलीच नव्हती. पडद्यावरची बाई गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि तिने बादली उचलली.