रिकामा हात

अमेरिकेतल्या रेडमंडच्या आमच्या रग्बी लीग क्लबात शिरलं, की समोरच मंदारचा फोटो दिसतो. सतरा वर्षांपूर्वीची फायनल, शेवटचं मिनिट. तिघांनी धरलेला माझा नवरा चिखलात आडवा पडून रिकामा हात रेषेवर टेकवतोय आणि जिंकल्यासारखा हसतोय. बॉल दुसऱ्या काखेत. सांगलीत कबड्डी खेळून मोठा झालेला माणूस. मधल्या रेषेला बोट लागलं की गडी सुटला, एवढंच त्याच्या अंगात मुरलेलं. इथे रेषेपलीकडे बॉलच टेकवावा लागतो. तिथेच आम्ही फायनल हरलो. तेव्हापासून नव्या खेळाडूंना तो फोटो दाखवून नियम शिकवतात. मंदारही सगळ्यांबरोबर हसतो, पण फोटो दाखवला त्या दिवशी घरी अर्ध्या जेवणावरून उठतो. काल क्लबात जुने विरुद्ध नवे अशी मॅच होती. बरोबरी झालेली, मिनिटभर उरलेलं, आणि बॉल पन्नाशीच्या मंदारकडे. रेषेपाशी पुन्हा तिघांनी धरला, पाय ओढले, तो आडवा झाला. "बाबा, द बॉल! द बॉल!" आमची ईरा किंचाळली. मी डोळेच मिटून घेतले. शिट्टी वाजली. उघडले तर रेफरीने पॉइंट दिले होते आणि जुने सगळे आनंदाने मंदारवर कोसळले होते. एकेक करून ते उठले, हा मात्र उठेना. मी घाबरून मैदानात धावले. "अरे, कुठे लागलं का?" चिखलाने माखलेलं तोंड वर करून, रेषेपलीकडच्या बॉलवर हात तसाच दाबून तो म्हणाला, "हात उचलणार नाही. आधी फोटो काढ!"