नंबरचं कुलूप

चेन लागेना, तेव्हा वडील चक्क बॅगेवर बसले. लेकीनं दोन्ही टोकं जवळ ओढून धरली आणि चेन एकदाची लागली.

"अहो, चार दिवसांच्या शिबिराला चाललीय ती," आई दारातून म्हणाली. "बिऱ्हाड नाही हलवत."

वडील विमा एजंट. माणसाला काय काय होऊ शकतं, हे त्यांना तोंडपाठ. म्हणून बॅगेत दोन टॉवेल, दोन टॉर्च, तीन साबण, सुईदोरा, मलमपट्टी, छत्री आणि छत्री उडून गेली तर रेनकोट, असं सगळं होतं.

आतली गोष्ट मात्र वेगळी होती. वर्गाच्या बाईंनी बोलावून सांगितलं होतं, "हुशार आहे हो, पण वर्गात कुणाशी अवाक्षर बोलत नाही. डबासुद्धा एकटी खाते. शिबिराला पाठवाच." वडिलांनी मनाशी ठरवलं. पोरीला बोलायचं जिवावर येतं ना, मग बोलायची वेळच येता कामा नये. सगळं सोबत असलं की कुणापुढे हात पसरायला नको. झालं, हिशेब मिटला.

वर त्यांनी चार आकड्यांचं नवंकोरं कुलूप लावलं. नंबर असा निवडला की चोराच्या बापालाही सुचू नये.

बस सुटली. लेक खिडकीशी बसली होती, शेजारची जागा रिकामी. वडील हात हलवत राहिले आणि काहीतरी राहून गेलंय असं त्यांना वाटत राहिलं. शिबिराच्या जागी फोनला रेंज नव्हती, त्यामुळे विचारायचीही सोय नाही. जेवताना, दाढी करताना ते मनातल्या मनात बॅग पुन्हा भरत होते.

"सगळं दिलं होतं ना गं?"

"दिलं हो. कपाट तेवढं राहिलं," आई म्हणाली.

बस परत आली तेव्हा लेक आधी ओळखूच आली नाही. अंगात गुडघ्यापर्यंत येणारा कुणाचा तरी शर्ट, एक मोजा लाल, एक निळा, डोक्यावर भलतीच टोपी. मागून पोरी ओरडत होत्या, "माझा टॉवेल उद्या आण गं," "शर्ट राहू दे तुझ्याकडेच." वडिलांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुझे कपडे कुठे गेले?"

"बॅगेत आहेत."

"मग घातले का नाहीस?"

"नंबर कुठे सांगितलास, बाबा?"

वडिलांनी बॅग तिथल्याच कट्ट्यावर ठेवून पाहिली. कुलूप होतं तसं होतं. पहिल्या रात्री साध्या टॉवेलसाठी ही पोर कुणापुढे कशी उभी राहिली असेल, या विचारानं त्यांचे डोळे भरून आले.

"अगं, बाईंना सांगायचंस. फोडलं असतं त्यांनी कुलूप."

"दुसऱ्या दिवशी आल्या होत्या ना हातोडी घेऊन. मीच नको म्हटलं."

"का?"

लेकीनं आधी मागे वळून पोरींना हात केला.

"बॅग उघडली असती, तर सगळ्या म्हणाल्या असत्या, आता तुझं तू वापर."