माहेरचा दागिना

माझे दात पुढे आहेत. सासूबाई त्यांना ‘माहेरचा दागिना’ म्हणतात, म्हणून लग्न झाल्यापासून मी तोंडावर हात ठेवूनच हसते. नातीला तो दागिना नको, म्हणून त्यांनीच हट्टाने तिच्या दातांना तारा लावून घेतल्या.

दात सरळ झाले आणि हलायलाही लागले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "मुळं झिजून निम्मी राहिलीत. काहींच्या रक्तातच हे असतं. म्हणून तारा लावण्याआधीच मी विचारलं होतं, घरात कुणाचे दात असे गेलेत का?"

"आमच्याकडे कुणाचे नाही हो," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या मुलाचे बघा, मोत्यासारखे आहेत! हे सगळं हिच्या माहेरचं."

डॉक्टरांनी शेजारी बसलेल्या यांच्याकडे निरखून पाहिलं. "पुढचे चार मोती तर बसवलेले दिसतात. तुम्हालाही लहानपणी तारा लावल्या होत्या का?"

यांनी आईकडे पाहिलं आणि सासूबाईंनी फरशीकडे.

 

लग्नानंतर पहिल्यांदाच, तोंडावर हात यांचा गेला.