चुलीपुढची अडीच मिनिटं

"काढू?" संकलक काशिफने विचारलं. त्याचं बोट माऊसवर होतं.

एडिटिंगच्या खोलीत ओंकार त्याच्या शेजारीच बसला होता. समोरच्या पडद्यावर नायिका झालेली स्नेहल चुलीपुढे बसली होती. तिचा नवरा विहिरीवर मोटर चालू करताना शॉक लागून गेला, एवढं सांगून शेजारी नुकताच दारातून मागे फिरला होता. तव्यावरची भाकरी जळत होती. धूर आढ्याकडे चढत होता. स्नेहल नुसती बसून होती. रडत नव्हती, हलत नव्हती.

ओंकारचा हा पहिला सिनेमा. गेल्या आठवड्यात श्रीरामपूरच्या थिएटरात तो थोड्या लोकांना दाखवला आणि नेमका या सीनला सगळा डाव हातातून गेला. आधी खुर्च्या करकरल्या. मग अंधारात एकेक मोबाईल उजळत गेला. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई झोपली काय?" आणि अख्खं थिएटर हसलं. ओंकार शेवटच्या रांगेत होता.

त्यानंतर वितरकाने एकच अट घातली. "तो चुलीचा सीन काढा. बातमी कळली, बाई रडली, पुढं चला. आज संध्याकाळपर्यंत सांगा, नाहीतर तुमची तारीख मी दुसऱ्याला देतो." दुसरा वितरक उरला नव्हता. सगळ्यांच्या पायऱ्या चढून झाल्या होत्या. सकाळी ओंकारने स्नेहलला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "मी या सीनसाठी हा सिनेमा केला, ओंकार. तो काढणार असशील तर माझं नावही काढ."

"ओंकारभाऊ, काढू का?" काशिफने पुन्हा विचारलं.

तेवढ्यात दार ढकलून छबूबाई आत आल्या. ओंकारची आई. डोळे तपासायला त्या सकाळीच नगरला आल्या होत्या. कर्जतच्या गाडीला वेळ होता, म्हणून ओंकारने त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं होतं.

"आई, तू बाहेरच थांब ना."

पण छबूबाईंची नजर पडद्यावर गेली होती.

गोष्ट त्यांचीच होती. ओंकारचे वडील असेच विहिरीवर शॉक लागून गेले. तो तेव्हा लहान होता. मामाने त्याच दिवशी त्याला उचलून श्रीगोंद्याला नेलं, त्यामुळे घरात पुढे काय झालं ते त्याने पाहिलं नाही. आईला विचारायचं धाडस कधी झालं नाही. तिने त्या क्षणी काय केलं असेल, ते त्याने मनानेच लिहिलं होतं, आणि लिहिलेलं तिच्यापासून लपवून ठेवलं होतं.

"पहिल्यापासून लाव, बाळा," छबूबाई काशिफला म्हणाल्या.

काशिफने ओंकारकडे पाहिलं आणि सीन लावला. ओंकारने पडद्याकडे पाहिलंच नाही. तो आईचा चेहरा बघत होता. त्यावर काहीच उमटत नव्हतं. सीन संपला तसं त्याने विचारलं,

"असंच झालं होतं का गं?"

"न्हाई," छबूबाई म्हणाल्या. "मी भाकर जळू दिली न्हवती. उतरून ठिवली."

"आणि मग?"

"मग काय? शेजारचं छगनभावजी सांगून गेलं, तंवर बाया आल्याच. कुनी बांगड्या फोडल्या. कुनी इचारलं चहाची पूड कुठंय, कुनी म्हनलं चादरी काढ. मीच समदं काढून देत हुते. रातच्याला पाव्हनं आलं, त्यान्ला हातरून. धाव्या दिसाचा सैपाक. तेरावं झालं आन् तुझं चुलतं म्हनलं, कांदा काढायला आलाय." त्या थांबल्या. "असं न्हवतं झालं."

ओंकारने कपाळ हातात धरलं. म्हणजे सीन लांबलेला तर होताच, वर खोटाही होता. थिएटरातली माणसं हसली ते बरोबरच होतं. इतके दिवस जो एक तुकडा खरा म्हणून तो भांडत होता, तोच त्याला माहीत नव्हता.

"काढ," तो काशिफला म्हणाला.

"काय काढतो?" छबूबाईंनी विचारलं.

"हा सीन. लोकांना कंटाळा येतो, आई. आणि तू म्हणतेस, असं झालंही नव्हतं. मग कशाला ठेवायचा?"

छबूबाई पुढे झाल्या. त्यांनी काशिफचं मनगट धरलं आणि त्याचा हात हळूच माऊसवरून बाजूला केला.

"किती येळ बसती ती?"

"अडीच मिनिटं."

"अडीच मिनिटं," छबूबाई पुटपुटल्या.

ओंकारचा फोन वाजू लागला. वितरकाचा होता. फोन हातात घेऊन त्याने वर पाहिलं आणि मघापर्यंत कोरा असलेला आईचा चेहरा त्याला दिसला. हनुवटी थरथरत होती. त्याने फोन कट केला.

"मला तेवढं बी कुनी बसू दिलं न्हाई रं," छबूबाई म्हणाल्या. "हिला बसू दे."